हजेरीपासून प्रश्नावलीपर्यंत

4 ऑक्टोबर 1857. पुणे-नाशिक रस्त्यावर नांदूर शिंगोटे गावाजवळ भागोजी नाईक पन्नासेक भिल्लांना घेऊन मोक्याची जागा धरून बसले होते. अहमदनगरचा पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री शिपाई घेऊन चालून आला आणि चकमकीत गोळी लागून मेला. हा मुलूख आज नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यात आहे. पण नाशिक जिल्हा 1869 साली वेगळा झाला, तोवर तिथला कारभार अहमदनगरच्या कलेक्टरकडे होता. पुढची दोन वर्षं भागोजी नाईक सरकारच्या हाती लागले नाहीत. 11 नोव्हेंबर 1859 रोजी मिठसागरे गावाजवळ फ्रँक सूटरच्या तुकडीनं त्यांना गाठलं आणि तिथं ते पडले.

सरकारी गॅझेटियर ही हकिगत सांगताना त्यांचा पूर्वेतिहासही देतं. भागोजी नाईक पूर्वी नगरच्या पोलिसांतच अधिकारी होते. 1855 साली दंगा आणि पोलिसांच्या कामात अडथळा या आरोपांवरून त्यांना कैद झाली. सुटल्यावर वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यावा लागला. ती मुदत संपते न संपते तोच सर्वांची शस्त्रं काढून घेण्याचा हुकूम निघाला आणि ते गाव सोडून डोंगरात गेले.

हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. आधी पोलिसाची नोकरी, मग शिक्षा, मग जामीन, मग शस्त्रबंदी आणि शेवटी बंड. प्रत्येक पायरीला कारण आहे, तारीख आहे, सरकारी हुकूम आहे. पण त्या काळातल्या अधिकाऱ्यांच्या लिखाणात ही कारणं हळूहळू मागं पडली आणि त्यांच्या जागी एकच गोष्ट आली: या लोकांचा स्वभावच असा. माणसाच्या समाजविघातक वृत्तीचं मोजमाप करण्याचा जो उद्योग पुढं शंभर-दीडशे वर्षं चालला, त्याचं आपल्याकडचं मूळ या वाक्यात आहे. नगर जिल्ह्याच्या मातीत ते अगदी उघडं दिसतं.

या लिखाणाची सुरुवात त्याही आधीची. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा मद्रासच्या पलटणीतला अधिकारी. रामोशी बंडाचे नेते उमाजी नाईक यांना पकडण्याच्या मोहिमेत तो होता. 1833 साली त्यानं रामोशांवर पुस्तक लिहिलं. नंतर नगरच्या पोलीस पलटणीत असताना महादेव कोळ्यांवर सविस्तर निबंध लिहिला. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागाच्या डोंगरातली कुळं, त्यांचे नाईक, देवदेवता, लग्नाच्या चाली हे सगळं त्यात आहे आणि अभ्यासकाला त्याचा आजही उपयोग होतो. पण लिहिणारा बंदोबस्तावरचा माणूस होता. ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांची माहिती गोळा करायची, या गरजेतून ते ज्ञान जन्मलं.

मग 1844 ते 1848 या काळात राघोजी भांगरे यांनी अकोले परिसर पेटवला. देवगावच्या या महादेव कोळी घराण्याकडे पूर्वापार अधिकार होते आणि राघोजींचे वडील रामजी पोलिसात जमादार होते. कंपनी सरकारनं नाईकांचे हक्क आणि नेमणुका कमी केल्या, सावकारांची पकड घट्ट झाली आणि हल्ले सुरू झाले. राघोजींना जानेवारी 1848 मध्ये पंढरपुरात पकडलं आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, 1857 च्या धामधुमीत, त्याच महादेव कोळ्यांची एक पलटण कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली सरकारनंच उभारली. 1861 साली ती मोडली. म्हणजे एकाच डोंगरातले, एकाच जमातीचे लोक एका दशकात बंडखोर होते आणि दुसऱ्या दशकात सरकारी पलटणीतले शिपाई. स्वभाव इतक्या लवकर बदलत नाही. बदलत होती ती परिस्थिती आणि सरकारची गरज.

तरीही 1871 साली जो कायदा झाला त्यानं परिस्थितीचा विचार बाजूला ठेवला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री असताना 12 ऑक्टोबर 1871 रोजी गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला. सुरुवातीला तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबपुरता होता. मुंबई इलाख्याला तो लागू व्हायला अजून चाळीस वर्षं होती. पण विचार पक्का झाला होता: जसा सुताराच्या पोटी सुतार, तसा गुन्हेगाराच्या पोटी गुन्हेगार. जातीव्यवस्थेचं हे अर्धकच्चं आकलन कायद्याच्या मुळाशी बसलं. एखाद्यानं काय केलं हे तपासण्याची गरज उरली नाही. तो कुणाच्या पोटी जन्मला एवढं पुरेसं झालं.

या कायद्यानंतर चारच वर्षांनी नगर जिल्ह्यात जे घडलं ते या संदर्भात क्वचितच आठवलं जातं. 12 मे 1875 रोजी शेजारच्या पुणे जिल्ह्यात, भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली, कर्जखतं जाळली. दंग्याचं लोण पारनेर, श्रीगोंदा, नगर आणि कर्जत तालुक्यांत पसरलं. लूट होती, जाळपोळ होती, जमाव होता. सरकारनं पोलीस आणि लष्कर आणलं, लोकांना अटक झाली. पण त्यापुढं जाऊन सरकारनं कमिशन नेमलं. कमिशननं शेतसारा, कर्ज, व्याज, कोर्टाचे हुकूमनामे, कापसाचे पडलेले भाव असं सगळं तपासलं. 1879 साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. कुणब्यांनी दंगा का केला हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर त्यांच्या रक्तात नव्हे, त्यांच्या कर्जाच्या कागदांत शोधलं गेलं. हे योग्यच झालं. मात्र त्याच तालुक्यांच्या माळरानावर पाल ठोकून राहणाऱ्या पारध्याबद्दल, कैकाड्याबद्दल असं कमिशन बसलं नाही. महसूल देणाऱ्या शेतकऱ्याला कारण असू शकतं आणि भटक्याला फक्त स्वभाव असतो, हा भेद तिथं पडला.

कारणं तर भटक्यांनाही होती आणि ती शेतकऱ्याच्या कारणांइतकीच मोजता येण्याजोगी होती. 1876-77 च्या दुष्काळानं जिल्हा होरपळला. दुष्काळी काम म्हणून जो दौंड-मनमाड लोहमार्ग बांधला, तो 1878 साली सुरू झाला. धान्य-मीठ बैलांच्या पाठीवरून वाहणाऱ्या लमाण-बंजाऱ्यांचा आणि गाढवांवरून माल नेणाऱ्या कैकाड्यांचा रोजगार त्या रुळांनी ओढून नेला. त्याच वर्षी जंगल कायदा आला. माळ आणि रान ज्यांचं शेत होतं त्या फासेपारध्यांच्या शिकारीवर निर्बंध येत गेले. हरणाला फास लावणं हा पिढीजात धंदा. तो बेकायदा झाल्यावर माणूस जे काही करील ते कायद्याच्या कक्षेबाहेर पडण्याची शक्यता वाढते. हे समजायला मानसशास्त्र लागत नाही.

1884 साली अहमदनगर जिल्ह्याचं गॅझेटियर प्रसिद्ध झालं. लोकसंख्येच्या प्रकरणात प्रत्येक जातीचा धंदा, पेहराव, अन्न आणि त्यासोबत स्वभाव दिलेला आहे. अमुक जात कष्टाळू, तमुक आळशी, अमुक प्रामाणिक, तमुक चोरटी. हा मजकूर वाचताना मला दर वेळी एक गोष्ट खटकते. स्वभावाचा शेरा मारण्याआधी कुणाला काय विचारलं, किती जणांना विचारलं, याचा पत्ताच नाही. मामलेदार, पाटील आणि शेजारच्या वरच्या जातीचे लोक यांनी जे सांगितलं ते छापलं गेलं आणि छापलं गेल्यावर त्याला पुरावा म्हणून किंमत आली.

ही मतं शास्त्राचा वेश घेऊन फिरू लागली ती युरोपातल्या घडामोडींमुळे. 1876 साली इटलीत चेझारे लोंब्रोझो यानं गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो, त्याची कवटी, जबडा, कान यांवरून तो ओळखता येतो, असा सिद्धांत मांडला. फ्रान्समध्ये आल्फाँस बर्तियों शरीराची मापं घेऊन कैद्यांची ओळख पटवत होता आणि 1890 च्या दशकात त्याची पद्धत बंगालच्या पोलिसांनी उचलली. हर्बर्ट रिस्ली जातींची नाकं मोजत होता. 1897 साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. एडवर्ड हेन्रीचं नाव त्याला मिळालं तरी वर्गीकरणाचं अवघड काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केलं. ठशांचा उपयोग खरा होता. पण ठसा माणूस कोण आहे एवढंच सांगतो, कसा आहे ते सांगत नाही. सरकारनं दोन्ही कामं त्याच्यावर टाकली.

मुंबई इलाख्यात या सगळ्याचा कळस म्हणजे पोलीस अधिकारी मायकेल केनेडी याचं 1908 चं पुस्तक, 'नोट्स ऑन क्रिमिनल क्लासेस इन द बॉम्बे प्रेसिडेन्सी'. प्रत्येक जमातीसाठी तेच रकाने: वावर कुठं, दिसायला कशी, पोशाख कसा, भाषा कोणती, वेषांतर कोणतं, उघड धंदा काय, गुन्हा कोणता, हत्यारं कोणती, चोरीचा माल कुठं जिरवतात. एखाद्या माणसानं या रकान्यांत बसावं म्हणून त्यानं काही करण्याची गरज नव्हती. रकाना आधीच भरलेला होता.

तीन वर्षांनी, 1911 साली, नवा कायदा सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. आता मुंबई सरकार एखाद्या जमातीला, टोळीला किंवा तिच्या भागाला गुन्हेगार जाहीर करू शकत होतं आणि त्या अधिसूचनेवर कोर्टात दाद मागता येत नव्हती. जिल्हा मॅजिस्ट्रेटनं नावांची नोंदवही करायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची. गाव सोडायचं तर परवानगी. गरज पडली तर अख्खी जमात कुंपणाच्या वसाहतीत ठेवायची. मुलं आईबापांपासून तोडून औद्योगिक शाळेत घालण्याचीही तरतूद होती. 1924 साली कायदा एकत्र करून पुन्हा मांडला, त्यातही पुनःपुन्हा गुन्हा करणाऱ्या नोंदलेल्या माणसाला भारी शिक्षा होत्या.

हजेरी हा शब्द आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. दिवसभर मोलमजुरी करून संध्याकाळी चावडीवर जायचं, नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, रात्री पुन्हा कुणी येऊन पाहणार तोवर जागेवर असायचं. परगावी बाजाराला किंवा सोयऱ्याच्या मयतीला जायचं तर पाटलाचा दाखला. दाखला नसला की तोच गुन्हा. असा गुन्हा नोंदला गेला की जमात गुन्हेगार असल्याचा आणखी एक पुरावा जमा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 साली महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरी बंद केली. ब्रिटिश मुलखात ती पुढं तीस वर्षं चालली.

वसाहतींना लोक 'सेटलमेंट' म्हणत. विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग, बारामती इथं त्या उभ्या राहिल्या. ओ. एच. बी. स्टार्ट हा आयसीएस अधिकारी त्यांचा प्रमुख होता. 1831 पासून नगरला ठाण मांडून बसलेल्या अमेरिकन मराठी मिशननं सोलापूरच्या सेटलमेंटचं काम काही काळ पाहिलं. तिथले लोक सूतगिरण्यांत कामाला जात आणि संध्याकाळी तारेच्या आत परत येत. स्टार्टच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं मला कारण दिसत नाही. काम, शाळा, शिस्त यांनी माणूस बदलतो असं तो मानत होता आणि जन्मजात गुन्हेगारीच्या सिद्धांतापेक्षा हे मत कितीतरी माणुसकीचं होतं. 1928 साली नेमलेल्या आणि त्याच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या समितीत डॉ. आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा हेही होते. पण सुधारण्याआधी माणूस बिघडलेला आहे हे गृहीत धरावं लागतं आणि ते गृहीत जमातीच्या नावावरूनच धरलेलं होतं.

इथं जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं ते पाहायला हवं. 1917 साली अमेरिका महायुद्धात उतरली. तोफांच्या भडिमारानं मन कोलमडेल असे रंगरूट आधीच ओळखावेत म्हणून रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञानं शंभरावर प्रश्नांची यादी केली. उत्तर हो किंवा नाही. एकेकाची डॉक्टरनं मुलाखत घेणं अशक्य होतं, म्हणून माणसानं स्वतःच स्वतःबद्दल सांगावं. युद्ध संपेपर्यंत ती नीट वापरलीही गेली नाही, पण कल्पना रुजली. व्यक्तिमत्त्व मोजायचं तर त्या व्यक्तीलाच विचारायचं. आज ही साधी गोष्ट वाटते. नगरच्या चावडीवर ज्या काळात माणसाला 'हजर' या एका शब्दापलीकडे बोलायची मुभा नव्हती, त्या काळात ती साधी नव्हती.

1943 साली मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी साडेपाचशे विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. एमएमपीआय या नावानं ती जगभर गेली. तिच्यात समाजविघातक वृत्तीसाठी एक वेगळी मापपट्टी होती. ती बनवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. कोर्टानं पाठवलेल्या, चोऱ्या, खोटेपणा, शाळा बुडवणं असा इतिहास असलेल्या तरुण-तरुणींनी दिलेली उत्तरं एका बाजूला ठेवली. दुसऱ्या बाजूला विद्यापीठाच्या इस्पितळात नातेवाइकांना भेटायला आलेल्या सातशेवर सामान्य माणसांची उत्तरं. ज्या विधानांवर दोन्ही गटांची उत्तरं ठळकपणे वेगळी पडली, ती विधानं त्या पट्टीत घेतली. विधानाचा अर्थ काय यापेक्षा ते दोन गटांना वेगळं करतं की नाही एवढंच पाहिलं. घरच्यांशी पटतं का, शाळेत शिक्षा झाली का, कायद्याच्या कचाट्यात सापडलात का, अशा आशयाची विधानं त्यात आली. खोटं बोलणारा पकडावा म्हणून आणखी एक पट्टी होती: मला कधीच राग येत नाही, मी कधीच वावगं वागत नाही, अशी अशक्य साधुत्वाची उत्तरं देणारा तिच्यात सापडे.

त्याच सुमारास टेक्सासमध्ये ऑस्टिन पोर्टरफील्ड यानं एक वेगळा प्रयोग केला. फोर्ट वर्थच्या बाल न्यायालयात आलेल्या दोन हजारांवर मुलांचे गुन्हे त्यानं पाहिले आणि तेच गुन्हे तुम्ही कधी केलेत का, असं कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना विचारलं. जवळजवळ प्रत्येकानं काही ना काही कबूल केलं. फरक एवढाच की कॉलेजची मुलं कोर्टासमोर आली नव्हती. 1950 च्या दशकाअखेरीस जेम्स शॉर्ट आणि आयव्हन नाय यांनी शाळकरी मुलांना नावं न लिहिता प्रश्नावल्या भरायला दिल्या. पोलीस दप्तरात गरीब वस्त्यांतली मुलं जितकी ठळक दिसत, तितका फरक मुलांनी स्वतः दिलेल्या उत्तरांत दिसेना. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा शोध आहे. पोलीस दप्तर गुन्हे मोजत नाही, पोलिसांचं लक्ष कुठं आहे ते मोजतं. केनेडीच्या पुस्तकाचा पायाच या एका निष्कर्षानं निखळतो. मुंबई इलाख्यात सगळ्या जातींना, सगळ्या वाड्यांना आणि वस्त्यांना एकच प्रश्न विचारून गुन्हेगार जमातींची यादी कधीच बनली नाही. ज्यांच्यावर आधीपासून नजर होती त्यांचीच नोंद झाली.

दरम्यान इथला कायदा मोडीत निघत आला होता. 1937 साली मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. 1949 साली मुंबई प्रांतानं कायदा रद्द केला. केंद्रानं अनंतशयनम अय्यंगार यांची समिती नेमली. देशभर सुमारे 23 लाख लोक या कायद्याखाली होते. 31 ऑगस्ट 1952 पासून कायदा संपूर्ण देशात संपला. महाराष्ट्रात आज विमुक्त जातींची जी 14 नावं आहेत, त्यांत बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद ही आहेत. दगड फोडणारे, टोपल्या विणणारे, माल वाहणारे, शिकार करणारे. फासेपारध्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला.

योगायोग असा की 1952 सालीच अमेरिकेच्या मनोविकार संघटनेनं विकारांची पहिली अधिकृत सूची, डीएसएम, काढली आणि तिच्यात समाजविघातक व्यक्तिमत्त्वाला जागा दिली. एका देशात जमातीला चिकटवलेला शिक्का कायद्यानं पुसला, त्याच वर्षी दुसऱ्या देशात व्यक्तीला लावण्याचं निदान छापलं गेलं. या दोन गोष्टी एक नाहीत आणि त्या एक आहेत असं मी म्हणणार नाही. निर्दयपणे दुसऱ्याला लुबाडणारी, पश्चात्ताप नसलेली माणसं असतात. ती सगळ्या जातींत, सगळ्या थरांत असतात आणि त्यांना ओळखण्याचं शास्त्र हवंच. प्रश्न आहे तो मापाचा.

1980 साली या सूचीची तिसरी आवृत्ती आली. समाजविघातक व्यक्तिमत्त्वासाठी जे निकष दिले त्यांत पुन्हापुन्हा झालेल्या अटका होत्या, एकाच कामावर न टिकणं होतं आणि काम न ठरवता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हिंडणं, महिनाभर किंवा जास्त काळ पक्का पत्ता नसणं हेही होतं. निकष लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला बेजबाबदार तरुण होता. पण जामखेड-कर्जतच्या माळावर पाल टाकलेल्या कुटुंबाला ते लावून पाहा. पक्का पत्ता नाही, कारण जमीन नाही आणि गाव राहू देत नाही. एक काम नाही, कारण कुणी ठेवून घेत नाही. अटका अनेक, कारण आसपास कुठं दरोडा पडला की पहिली गाडी तिथंच येते. तीन निकष पूर्ण झाले आणि माणसाच्या मनाबद्दल अजून एक अक्षरही कळलेलं नाही. 1994 च्या आवृत्तीत हिंडण्याचा आणि पत्त्याचा उल्लेख गळाला, हे चांगलं झालं.

कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यानं त्याच 1980 साली वेगळी वाट धरली. निर्दय आणि धूर्त माणूस स्वतःबद्दल खरं कशाला सांगेल, हा त्याचा आक्षेप. म्हणून त्यानं तपासनिसानं मुलाखत घेऊन आणि कागदपत्रं पाहून भरायची गुणसूची केली. 1991 मध्ये ती 20 मुद्द्यांची झाली, कमाल गुण 40. तुरुंगांत ती फार वापरली गेली. तिच्यातले काही मुद्दे बालगुन्हेगारीबद्दल, गुन्ह्यांच्या विविधतेबद्दल, सवलतीवर सुटल्यावर अटी मोडण्याबद्दल आहेत आणि त्यांची उत्तरं सरकारी फायलीतून येतात. जिथं फाईल निष्पक्ष आहे तिथं हे चालेल. जिथं फाईल आजोबांपासून चालत आली आहे तिथं काय? उलट, 1995 साली मायकेल लेव्हनसन आणि सहकाऱ्यांनी 26 विधानांची स्वतः भरायची प्रश्नावली केली ती कैद्यांसाठी नव्हे, कॉलेज विद्यार्थ्यांसाठी. लबाडी आणि बेपर्वाई तुरुंगाबाहेरही मोजता येते हे तिनं दाखवलं. पोर्टरफील्डच्या वाटेवरचंच हे पुढचं पाऊल होतं.

तरीही प्रश्नावली ही काही जादू नाही. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या पारधी माणसासमोर ती ठेवली तर काय होईल याचा विचार ती वापरणाऱ्यानं आधी करायला हवा. त्याची घरची बोली गुजरातीच्या जवळची, कैकाड्याची द्राविडी वळणाची. मराठी दोघांनाही दुसरी भाषा. वाचता येत नसेल तर प्रश्न कुणीतरी वाचून दाखवणार आणि वाचणारा बहुधा सरकारी माणूस वाटणार. तुम्हाला पोलिसांनी कधी पकडलं होतं का? 'हो' म्हटलं तर समाजविघातक पट्टीवर गुण चढतो. 'नाही, मी कधीच काही केलं नाही' असं म्हटलं, आणि पिढ्यान् पिढ्या कबुलीचा अर्थ अटक असल्यावर माणूस असंच म्हणणार, तर खोटेपणाच्या पट्टीवर गुण चढतो. दोन्ही उत्तरांनी तो अडकतो. यातून सुटण्याचा मार्ग आहे, पण तो कष्टाचा आहे. पोलिसांनी काय केलं हे विचारण्याऐवजी माणूस दुसऱ्याशी कसा वागतो ते विचारायचं. सामान्य कोण हे ठरवण्यासाठी मिनेसोटाच्या इस्पितळातली माणसं न घेता त्याच वस्तीतली, त्याच परिस्थितीतली माणसं घ्यायची. उत्तरं कुणाच्या हातात जाणार नाहीत याची खात्री शब्दानं नव्हे, वागण्यानं द्यायची.

स्वतःबद्दल स्वतः बोलण्याची पहिली मोठी संधी या समाजांनी मराठीत मिळवली ती मानसशास्त्रज्ञाच्या खोलीत नव्हे. 1980 साली लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं, 1987 साली लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कैकाड्याच्या पोराचं शिक्षण, उचल्याच्या घरातली भूक, पोलिसांचा मार हे सगळं त्यांनी लिहिलं. त्यात चोरी लपवलेली नाही. गायकवाडांनी तर घरातल्या चोरीच्या धंद्याबद्दल उघड लिहिलं. केनेडीच्या पुस्तकातही चोरी होती आणि इथंही चोरी आहे. पण इथं तिच्यामागं उपाशी पोर आहे, हप्ता मागणारा शिपाई आहे, कामाला न घेणारं गाव आहे. माणूस स्वतःबद्दल सांगतो तेव्हा कबुली आणि कारण एकत्र येतात. केनेडीच्या रकान्यांना हे कधीच जमलं नाही.

कायदा गेला तरी त्याची सावली राहिली. मुंबई राज्यानं 1959 साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. आता जमातीऐवजी व्यक्तीची नोंद करायची, हे तत्त्व चांगलं होतं. पण जुन्या वह्यांतली नावं ज्या वस्त्यांतली होती, नव्या वह्याही त्याच वस्त्यांकडे वळल्या. 1998 साली बारामतीत एका पारधी तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्या पुढाकारानं विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी देशपातळीवर काम सुरू झालं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 2000 साली सराईत गुन्हेगार कायदे रद्द करावेत असं सुचवलं. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं 2007 मध्ये तेच म्हटलं. बाळकृष्ण रेणके यांचा आयोग 2008 मध्ये आणि भिकू इदाते यांचा आयोग 2018 पर्यंत, असे दोन आयोग मराठी माणसांच्या अध्यक्षतेखाली झाले.

2024 साली नगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात निकाल दिला. खटला तुरुंग नियमावल्यांतल्या जातिभेदाचा होता. कुणी झाडायचं, कुणी स्वयंपाक करायचा, हे अनेक राज्यांच्या नियमावल्या जातीवरून ठरवत होत्या आणि काही नियमावल्यांत भटक्या व गुन्हेगार जमातींच्या कैद्यांना सराईत समजावं अशा अर्थाची कलमंही शिल्लक होती. 1952 साली मेलेला कायदा तुरुंगाच्या वहीत जिवंत होता. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि तीन महिन्यांत नियमावल्या दुरुस्त करायला सांगितलं. सराईत गुन्हेगार कोण हे त्या त्या राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येनंच ठरेल, जातीवरून नाही. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी आधीच्या निकालांतली मार्गदर्शक तत्त्वं पाळावीत. आणि कच्च्या व पक्क्या कैद्यांच्या तुरुंगातल्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकावा.